नव्या इनचार्जला कोचिंग कसं करायचं: वॉर्डातल्या अनुभवातून

दादरला स्टेशनबाहेर पडलं की कोचिंग ह्या शब्दाचा अर्थ पाट्यांवरच वाचायला मिळतो: दहावी, बारावी, नीट, बँकेच्या परीक्षा. त्यामुळे निवृत्तीनंतर मी नव्या इनचार्ज सिस्टर्सना कोचिंग करणार असं घरी सांगितलं, तेव्हा माझ्या जाऊबाईंनी सरळ विचारलं, "कुठला विषय घेणार?" त्यांचं काही चुकलं नाही. ज्याला येतं त्यानं, ज्याला येत नाही त्याला शिकवायचं, हाच अर्थ आपल्या कानात बसलाय. मी जे करते त्यात विषय नसतो, फळा नसतो आणि पुष्कळदा माझ्याकडे उत्तरही नसतं. असलं तरी ते लगेच तोंडाबाहेर काढायचं नसतं. हे शेवटचं अंगवळणी पडायला मला दोन वर्षं लागली, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिणार आहे.

मी ३१ वर्षं नर्सिंगमध्ये होते. स्टाफ नर्स, मग वॉर्डची इनचार्ज, शेवटी असिस्टंट मेट्रन (मेट्रन म्हणजे सगळ्या नर्सेसची प्रमुख). बहुतेक सगळी नोकरी परळच्या आसपास. २०१७ मध्ये शनिवार-रविवार करून कोचिंगचं प्रशिक्षण घेतलं आणि आता नव्यानं इनचार्ज झालेल्या सिस्टर्सबरोबर काम करते. उदाहरणं वॉर्डातली असली तरी बँकेच्या शाखेत, वर्कशॉपमध्ये, शाळेत, जिथे कुणाच्या हाताखाली माणसं आली आहेत तिथे हे सगळं लागू पडतं.

चांगली नर्स इनचार्ज होते तेव्हा

गुरुवारी ऑर्डर हातात पडते, सोमवारपासून ४० खाटांचा वॉर्ड तिचा. तिला निवडलेलं असतं कारण तिचा हात चांगला असतो. पाणी कमी झालेल्या पोराची शीर सापडत नसली की डॉक्टरसुद्धा तिलाच हाक मारतात. आता अचानक तिच्यापुढे ड्युटीचा तक्ता येतो, इंडेंट म्हणजे सामानाची मागणी येते, चादरींचा हिशेब येतो, न आलेले वॉर्डबॉय मामा आणि रुसलेल्या आया मावशी येतात, नातेवाइकांच्या तक्रारी येतात. ती काय करते? जे तिला उत्तम येतं तेच. सलाइन लावायला स्वतःच धावते. नव्या मुलीला दोनदा जमलं नाही की "सरक, मी करते" म्हणून तिला बाजूला करते. दुपारी दोनला सुटायचं ते पाच वाजतात. सहा महिन्यांत वॉर्डला सवय लागते: सिस्टर बघतील, सिस्टर करतील. ती थकून जाते आणि तिच्या हाताखालच्या मुली होत्या तिथेच राहतात.

अशा किती जणींना मी तीन-तीन दिवसांच्या मॅनेजमेंट ट्रेनिंगला पाठवलंय. फाइल, पेन, जेवण, सर्टिफिकेट. खूश होऊन यायच्या आणि सोमवारी वॉर्ड होता तसाच. ट्रेनिंग वाईट नव्हतं. ड्युटी कशी लावावी हे त्यात नीट सांगत होते. पण हिच्या वॉर्डातल्या दोन सगळ्यात सीनियर स्टाफ दिवाळीच्या ड्युटीवरून एकमेकींशी बोलत नाहीत, हे त्या ट्रेनरला कुठून कळणार? आणि त्या दोघींना समोर बसवून बोलायची हिची छाती होत नाही, हे तर तिनं कुणालाच सांगितलेलं नसतं. वर्गात शिकलेलं आणि सोमवार सकाळ ह्यांच्यामधली जी जागा आहे, तिथे कोचिंगचं काम आहे.

कोचिंग म्हणजे नेमकं काय

एक माणूस आपल्या कामाबद्दल दुसऱ्यासमोर मोठ्यानं विचार करतो. दुसरा ऐकतो, विचारतो, आणि ठरलेल्या गोष्टीचं काय झालं हे पुढच्या भेटीत आठवणीनं विचारतो. निर्णय पहिल्याचा, परिणामही त्याचाच. मी स्वतःपुरती एवढीच व्याख्या धरून चालते.

ट्रेनिंगमध्ये माहिती आणि कौशल्य देतात. मेंटर आपला अनुभव देतो: "माझ्या वेळी मी असं केलं होतं." समुपदेशक मनातल्या जखमेकडे बघतो. ही तिन्ही कामं मोलाची आहेत. मी स्वतः मेंटरशिवाय उभीच राहिले नसते. फक्त कुठल्या वेळी आपण कुठलं काम करतोय हे आपल्याला कळत असलं पाहिजे, नाहीतर तासभर स्वतःच्या आठवणी सांगून माणूस म्हणतो, मी कोचिंग केलं.

मुंबईत कोच म्हटलं की शिवाजी पार्क आणि आचरेकर सर डोळ्यांसमोर येतात. १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना सचिन तेंडुलकर म्हणाला होता की २९ वर्षांत सरांनी एकदाही "छान खेळलास" असं म्हटलं नाही, मी हवेत जाईन म्हणून. ते नातं गुरूचं. गुरूला खेळ शिष्यापेक्षा जास्त कळतो आणि शिष्य लहान असतो. माझ्यासमोर बसलेली सिस्टर चाळिशीची असते, दोन मुलांची आई असते आणि तिचा वॉर्ड तिला माझ्यापेक्षा दसपट जास्त माहीत असतो. तिथे गुरूची भूमिका घेतली की गाडी पहिल्याच स्टेशनवर अडते.

गंमत म्हणजे कामाच्या ठिकाणचं हे कोचिंग आलं मैदानावरूनच. १९७० च्या दशकात अमेरिकेत टिमथी गॉलवे नावाच्या टेनिस प्रशिक्षकाला दिसलं की "कोपर असं ठेव, पाय असा टाक" ह्या सूचनांनी खेळाडू आणखी आखडतो. त्यानं सूचना कमी केल्या आणि शिकणाऱ्याला फक्त चेंडूकडे लक्ष द्यायला लावलं: चेंडू जमिनीवर टप्पा घेईल तेव्हा एक शब्द म्हणायचा, रॅकेटला लागेल तेव्हा दुसरा. लक्ष चेंडूवर गेलं की शरीर आपोआप सुधारत जाई. ही कल्पना ब्रिटनमध्ये जॉन व्हिटमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात कंपन्यांत नेली. हे व्हिटमोर आधी मोटार रेसिंग करायचे. आज जगभर वापरली जाणारी "ग्रो" ही चार पायऱ्यांची पद्धत त्यांच्यामुळे प्रसिद्ध झाली: गोल, रिअ‍ॅलिटी, ऑप्शन्स, विल. कुठे जायचंय, आत्ता कुठे आहोत, कुठले रस्ते आहेत, कुठला धरणार.

सुरुवातीला तिघींनी बसायचं

हे टाळलं तर पुढचं सगळं बिघडतं. इनचार्ज, तिची मेट्रन आणि मी, अशा तिघी अर्धा तास बसतो. मेट्रन मॅडम सगळ्यांदेखत सांगतात की चार-सहा महिन्यांनी त्यांना काय बदललेलं दिसायला हवं. "लीडरशिप सुधारली पाहिजे" एवढं चालत नाही. मी विचारते, "म्हणजे राउंडला गेल्यावर तुम्हाला काय वेगळं दिसेल?" मग उत्तर येतं: "ती ऑफला असली तरी वॉर्ड चालला पाहिजे." हे धरता येतं, मोजता येतं.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. भेटी किती झाल्या, कधी झाल्या, एवढंच मी मेट्रनना कळवते. आत काय बोललं गेलं ते सिस्टरनं स्वतः सांगितलं तर सांगितलं. ही अट मेट्रननी तिच्यासमोर मान्य करायची. एका ठिकाणी मला फोन आला, "ती आमच्याबद्दल काय बोलते?" मी सांगितलं की हे विचारणार असाल तर काम थांबवू. थांबलंच ते काम. मला वाईट वाटलं, पण त्या सिस्टरचा विश्वास गेला असता तर त्याहून जास्त वाटलं असतं. अपवाद एकच: कुणाच्या जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही, आणि हेही पहिल्याच दिवशी सांगून टाकते.

साधारण सहा ते आठ भेटी, दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं, प्रत्येक भेट तास-सव्वा तास. रोज भेटून उपयोग नाही. मधल्या दिवसांत करून बघायला वेळ हवा. जागा वॉर्डाबाहेरची. मेट्रन ऑफिसात तर नकोच, तिथे खुर्चीवर बसल्या बसल्या पाठ ताठ होते.

प्रश्न मराठीतच सुचायला हवेत

प्रशिक्षणात मला इंग्रजी प्रश्नांची यादी मिळाली होती. पहिल्या भेटीत मी त्यांचं भाषांतर करून विचारलं, "तुझं ध्येय काय आहे?" ती बिचारी निबंध लिहिल्यासारखं बोलायला लागली: रुग्णसेवा, समर्पण. त्या रात्री मी वही काढली आणि सगळे प्रश्न वॉर्डातल्या भाषेत नव्यानं लिहिले. अजूनही तीच वही वापरते.

"आज एका तासात कशाचा उलगडा झाला तर बरं वाटेल?" "आत्ता वॉर्डात नक्की काय होतंय? कालचीच ड्युटी सांग." "आजवर काय काय करून पाहिलंस?" "आणखी?" हा "आणखी" फार कामाचा. पहिली दोन उत्तरं पाठ असलेली असतात, तिसऱ्यापासून माणूस विचार करायला लागतो. शेवटी: "मग ह्यातलं काय करतेस? कुठल्या दिवशी? कुणाची मदत लागेल?"

"का" शक्यतो टाळते. "असं का केलंस?" हे मराठीत ऐकलं की कानाला मेमो मिळाल्यासारखं वाटतं. माणूस सफाई द्यायला लागतो. त्याऐवजी "तेव्हा काय चाललं होतं?" किंवा "कशामुळे तसं वाटलं?" विचारावं. माहिती तीच मिळते, पण बोलणारा खांदे पाडून बोलतो.

तू म्हणायचं की तुम्ही, हेही आधी ठरवावं. वयानं बरोबरीच्या सिस्टरला मी तुम्हीच म्हणते. धाकट्या मुलींना आयुष्यभर अगं-तूगं केलेलं. एकीला एकदम तुम्ही म्हणायला लागले तर ती रडवेली झाली, म्हणाली, "मॅडम, माझं काही चुकलं का?" आता मी विचारूनच घेते.

मग येते शांतता. प्रश्न विचारून झाला की गप्प बसायचं. आपल्याला दहा सेकंदांचीही शांतता सोसवत नाही. लगेच दुसरा प्रश्न टाकतो, किंवा उत्तर सुचवतो. समोरची व्यक्ती खाली बघतेय, बोटानं पदराचं टोक चाळवतेय, म्हणजे आत काहीतरी हलतंय. त्या वेळी बोलणं म्हणजे सलाइन लावताना नर्सचा हात धक्क्यानं हलवणं.

किल्लीची गोष्ट

ह्या सिस्टरनं लिहायला परवानगी दिली आहे, नाव मात्र देत नाही.

मेट्रनची अपेक्षा वर लिहिली तीच: ती ऑफला असताना वॉर्ड चालावा. सकाळची ड्युटी संपवून ती माटुंग्याला पाच उद्यानांच्या इथे यायची, आम्ही झाडाखालच्या बाकावर बसायचो. दुसऱ्या भेटीत तिनं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून बाकावर ठेवला, पण हात त्याच्यावरच राहिला. तासाभरात तीनदा फोन. कापूस कुठे आहे, पॅड संपले, चादरी कोणत्या कपाटात. स्टॉकच्या कपाटाची किल्ली तिच्याकडेच. रात्री गॉज संपला तर मुली शेजारच्या वॉर्डातून उसना आणायच्या. एका रविवारी, ऑफच्या दिवशी, ती डोंबिवलीहून नुसती किल्ली द्यायला परळला आली होती. तिकडून परत जाईपर्यंत मुलांची जेवणं होऊन गेली.

हे ऐकलं आणि माझ्यातली असिस्टंट मेट्रन जागी झाली. म्हटलं, "अगं, मग सीनियर स्टाफकडे देत जा ना किल्ली." ती म्हणाली, "हो मॅडम." वहीत लिहूनही घेतलं. मला वाटलं, झालं काम.

तीन आठवड्यांनी जुडगा तसाच कमरेला. मी जरा त्रासूनच विचारलं, "दिली नाहीस?" तिनं मान खाली घातली. त्या क्षणी मला माझी चूक दिसली. तिचं "हो मॅडम" कोचला नव्हतंच, ते वीस वर्षांच्या सवयीनं वरच्या अधिकाऱ्याला दिलेलं उत्तर होतं. मी सल्ला दिला होता, आणि तो तिच्या अडचणीला कुठे शिवलाही नव्हता, कारण अडचण काय आहे हे मी विचारलंच नव्हतं.

मी माफी मागितली. मग विचारलं, "किल्ली दुसऱ्या कुणाच्या हातात गेली की तुझ्या डोळ्यांसमोर काय येतं?"

ती गप्प. शेंगदाणेवाला येऊन गेला. पलीकडे मुलं क्रिकेट खेळत होती, चेंडू आमच्या पायाशी आला, तिनं उचलून परत टाकला आणि पुन्हा बसली. मी बोलले नाही. मग ती हळूहळू बोलायला लागली. ती नवीन असताना तिच्या वॉर्डात मोजणी झाली आणि दोन बीपीची यंत्रं कमी भरली. डेड स्टॉक रजिस्टरवर, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीवर, सही इनचार्जची. त्या सिस्टरच्या पगारातून पैसे कापले गेले. "मॅडम, त्या चादरींच्या खोलीत बसून रडत होत्या. मी चहा घेऊन गेले होते. माझ्या हातात कप तसाच राहिला."

म्हणजे किल्ली सोडवत नव्हती ती स्वभावामुळे नव्हे. तिनं डोळ्यांनी पाहिलेलं होतं की विश्वास टाकला की भरावं लागतं. "भिऊ नकोस, काही होत नाही" म्हणणं खोटं ठरलं असतं, कारण तसं होतं. मी एवढंच म्हटलं, "ही भीती खरी आहे. हिला धरूनच काहीतरी शोधू. काय काय करता येईल?"

पहिलं उत्तर: "कॅमेरा बसवायला हवा." आणखी? "सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या." आणखी? बराच वेळ गेला. मग तीच म्हणाली, "मॅडम, कपाटात दोन प्रकारचं सामान आहे की. यंत्रं वेगळी, कापूस-गॉज वेगळा. मोजणीत धरतात ती यंत्रं. कापसासाठी कुणी पगार कापत नाही." आणि ती ताठ बसली. पुढचं सगळं तिनंच मांडलं. यंत्रांचं कपाट आणि त्याची किल्ली तिच्याकडे. साइड रूममधलं जुनं कपाट रिकामं करून त्यात तीन दिवसांचा कापूस, गॉज, पॅड, चादरी. त्याची किल्ली ज्या त्या ड्युटीच्या सीनियरकडे, आणि ड्युटी बदलताना पेशंटचा ओव्हर देतात, म्हणजे पुढच्या ड्युटीला माहिती सोपवतात, तेव्हा एका वहीत चार ओळींत मोजणी.

३१ वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. माझा सल्ला होता, किल्ली देऊन टाक. तिचं उत्तर तिच्या भीतीलाही धरून होतं आणि वॉर्डालाही.

मग शेवटची पायरी, जी गप्पांच्या भरात राहून जाते. "परवानगी कुणाची लागेल?" मेट्रन मॅडमची. "कधी विचारतेस?" सोमवारी, राउंडच्या आधी. "आणि त्या नाही म्हणाल्या तर?" ह्यावर ती हसली, म्हणाली, "तर एक महिना करून बघू म्हणेन." वहीत तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं. हे मी कधीच लिहून देत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मोजणीत गॉजची दोन पाकिटं कमी निघाली. तिनं मला फोन केला नाही. तीन ड्युटींच्या सीनियर्सना एकत्र बसवलं, त्यात दिवाळीच्या ड्युटीवरून एकमेकींशी न बोलणाऱ्या त्या दोघीही आल्या, आणि नाइटची वही नीट लिहिली जात नाही हे त्यांनीच शोधून काढलं. पहिल्या भेटीनंतर आम्ही ऑफच्या दिवशीचे फोन मोजायला सुरुवात केली होती. पहिल्या रविवारी ९ होते. दोन महिन्यांनी एक, कधी दोन. मेट्रनना दाखवायला ह्यापेक्षा वेगळा अहवाल लागला नाही.

कोचिंग कधी करू नये

पेशंट गॅस्प करतोय, तेव्हा "तुला काय वाटतं?" विचारणारी इनचार्ज नको. तेव्हा हुकूम: तू अँब्यू (श्वास द्यायची पिशवी) घे, तू डॉक्टरांना बोलाव, तू पडदा ओढ. नियमाची बाबही तशीच. किल्लीच्या त्याच चर्चेत मी एक गोष्ट विचारली नाही, सरळ सांगितली: इमर्जन्सी ट्रॉली कुणा एकीच्या किल्लीवर अवलंबून राहता कामा नये. तिथे पर्याय शोधत बसायचे नसतात. कोचिंग नंतर. संध्याकाळी, सगळं निवल्यावर, दहा मिनिटं: "ट्रॉलीपाशी पोचलीस तेव्हा काय झालं? पुढच्या वेळी काय वेगळं करशील?" तेवढ्या दहा मिनिटांत ती मुलगी जे शिकते ते सगळ्यांदेखत ओरडा खाऊन शिकत नाही.

जिला काम येतच नाही तिला आधी शिकवा. प्रश्न विचारून कुणाला इंडेंट भरता येत नाही. गैरवर्तन असेल तर चौकशी. त्याला कोचिंगचा मुलामा देऊ नका, कारण मग कोचिंग म्हणजे शिक्षा असा समज पसरतो आणि चांगल्या मुली यायला तयार होत नाहीत. आणि समोरची झोपत नाही, जेवत नाही, घरी मार खाते, जगण्यात अर्थ नाही म्हणते, तर थांबा. ते आपलं काम नाही. सरकारच्या टेलिमानस ह्या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. तो नुसता देऊन मोकळी होत नाही, बाजूला बसून लावून देते.

तुम्हीच तिच्या साहेब असाल तर

बाहेरचा कोच प्रत्येकीला मिळणार नाही, त्याची गरजही नाही. पण साहेबानं कोचिंग करताना एक गोष्ट मान्य करावी: तिचा गोपनीय अहवाल तुम्ही लिहिता, त्यामुळे ती सगळं सांगणार नाही. तसा आग्रहही धरू नका. तुमच्यासाठी छोटी संभाषणं. ती दारात येऊन म्हणते, "मॅडम, दोन जणींनी एकाच दिवशी रजा मागितली, काय करू?" तुम्हाला उत्तर माहीत आहे. ते गिळा. "तू काय विचार केलायस?" म्हणा. पहिल्यांदा ती गोंधळेल, तिला वाटेल तुम्ही परीक्षा घेताय. म्हणून आधीच सांगून ठेवा की यापुढे मी आधी तुझं ऐकणार आहे. तिचं उत्तर तुमच्यापेक्षा थोडं कच्चं असलं आणि पेशंटला धोका नसला, तर तिचंच होऊ द्या. महिनाभरात ती दारात येतानाच दोन पर्याय घेऊन येईल.

दिवसाला असं एकच संभाषण ठरवा. जास्त नको, राउंडला उशीर होतो.

बाहेरचा कोच नेमताना

कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडे कायद्यानं कुठलाही परवाना लागत नाही. कार्ड छापलं की झालं. म्हणून विचारणा करावी. १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही ह्या क्षेत्रातली मोठी संस्था. तिच्या प्रमाणपत्रांच्या तीन पातळ्या आहेत: एसीसीला प्रशिक्षण तर लागतंच, वर किमान १०० तास प्रत्यक्ष कोचिंग लागतं, पीसीसीला ५०० तास, एमसीसीला २,५०० तास. प्रमाणपत्र म्हणजे सगळं नव्हे, पण तास किती झाले हा प्रश्न विचारायला लाजू नका. गुप्ततेबद्दल लेखी काय देणार ते विचारा. ज्या सिस्टरला कोचिंग मिळणार तिला आधी अर्धा तास भेटू द्या आणि नको म्हणायची मुभा द्या. पहिल्या भेटीत कोच किती बोलला आणि ती किती बोलली, एवढं तिला विचारलंत तरी पुष्कळ कळतं. प्रमोशनची हमी देणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या.

शेवट कसा करायचा

भेटी संपवायच्या असतात. कोचवरच अवलंबून राहिली तर आपण किल्ली तिच्या कमरेची काढून आपल्या कमरेला लावली. शेवटच्या भेटीत सुरुवातीचा तो तिघींचा कागद पुन्हा काढतो, मेट्रन मॅडम काय बदललं ते तिच्या तोंडावर सांगतात, आणि तीन महिन्यांनंतरची एक तारीख तिथल्या तिथे डायरीत लिहितो.

ह्या सिस्टरची ती तारीख जुलैत होती. त्या दिवशी हिंदमाताला पाणी तुंबलं, मला पोचता येईना, म्हणून फोनवरच बोललो. ती वॉर्डातूनच बोलत होती. मी माझी वही उघडून बसले होते, पण वीस मिनिटांत बोलणं आटपलं. मागून कुणीतरी "सिस्टर, ओव्हर" अशी हाक मारली. "मॅडम, आज नवीन मुलगी पहिल्यांदा ओव्हर देणार आहे, मला तिच्याजवळ उभं राहायचंय," असं म्हणून तिनंच फोन ठेवला.